रबाळ्याहून पत्र: कॉलम लांब घ्यावा, बारीक कणांचा, की वेगळाच?

पत्र (थोडी काटछाट करून, कंसातले अर्थ माझे)

ताई, मी रबाळे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये एचपीएलसीवर (दाबाने द्रव कॉलममधून ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करणारं मशीन) काम करते. नोकरीला चार वर्षं झाली. एका औषधाची रिलेटेड सबस्टन्सेसची (इम्प्युरिटी, म्हणजे अशुद्धी मोजायची) मेथड माझ्याकडे आहे. औषध बेसिक आहे, रेणूच्या टोकाला अमाइन. कॉलम नेहमीचाच, सी-१८ (सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनच्या साखळ्या), २५० बाय ४.६ (मिमीमध्ये लांबी आणि आतला व्यास), ५ मायक्रॉन (कणांचा आकार). मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारा द्रव) मिथेनॉल आणि पीएच ७ चा फॉस्फेट बफर निम्मा-निम्मा, बफरमध्ये थोडं ट्रायइथाइलअमाइन, ओव्हन ४५ अंशांवर. आयसोक्रॅटिक (द्रवाचं प्रमाण शेवटपर्यंत तेच), फ्लो १ मिली, रन ५० मिनिटांचा.

मुख्य पीकच्या (आलेखावरचा उंचवटा) मागोमाग एक इम्प्युरिटी येते. कॉलम नवा होता तेव्हा त्या दोघांचं रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटे येतात) १.६ यायचं, आता १.१ येतं. प्लेट काउंट (कॉलमच्या कार्यक्षमतेचा आकडा) १८ हजारांवरून ८ हजारांवर आला. टेलिंग (पीकची ओढली जाणारी शेपटी) १.९. प्रेशर मात्र पूर्वीइतकंच, १९० बार. हाच कॉलम आणखी दोन प्रॉडक्टना वापरतात, त्यातल्या एकाच्या मोबाइल फेजमध्ये ऑक्टेन सल्फोनेट असतं. मशीन जुनं आहे, ४०० बारच्या वर जात नाही.

सर म्हणतात, धुऊन वापर, नाहीतर दोन कॉलम एकापुढे एक जोड. सेल्सवाले १.७ मायक्रॉनचा घ्या म्हणून मागे लागलेत. घणसोलीच्या दुसऱ्या लॅबमधला मित्र म्हणतो, कोअर-शेल घे, डोळे मिटून घे. मोनोलिथचंही कुणीतरी सुचवलं. आणि रिपोर्टची घाई असली की वरून निरोप येतो, ‘तेवढं मॅन्युअल इंटिग्रेशन करून टाक.’ मी कोणाचं ऐकू?

ता.क. ड्रॉवरमध्ये जुने कॉलम साठलेत. त्यांचं काय करायचं असतं?

उत्तर

प्रिय रबाळेकर मैत्रिणी,

तू आकडे दिलेस म्हणून उत्तर देणं सोपं झालं. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘पीक नीट येत नाही’ एवढंच असतं, मग मी काय कपाळ सांगणार!

मॅन्युअल इंटिग्रेशनचं आधी, म्हणजे पीकखालची बेसलाइन सॉफ्टवेअरऐवजी आपल्या हाताने आखून क्षेत्रफळ मोजण्याचं. एसओपीत, म्हणजे लॅबच्या लेखी कार्यपद्धतीत लिहिलेल्या परिस्थितीत, कारण नोंदवून, दुसऱ्याने तपासून केलेलं मॅन्युअल इंटिग्रेशन वैध असतं. रिझोल्यूशन बसत नाही म्हणून बेसलाइन हवी तशी ओढणं वैध नसतं. ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेवलेल्या बदलांच्या नोंदीत ते तुझ्या लॉगिनखाली राहणार, निरोप देणाऱ्याच्या नाही. सिस्टम सुटेबिलिटी, म्हणजे मशीन-कॉलम कामालायक आहेत का याची चाचणी, नापास झाली की त्या सिक्वेन्सचे निकाल वापरायचेच नसतात. पुढच्या वेळी तोंडी निरोप आला तर शांतपणे म्हण, ‘सर, मेलवर कळवाल का?’ बहुतेक वेळा मेल येत नाही.

आता कॉलमकडे. तुझे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेव. रिझोल्यूशन प्लेट काउंटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. १८ हजारांचे ८ हजार झाले, म्हणजे वर्गमुळात ते दोन-तृतीयांश झालं. १.६ चे दोन-तृतीयांश १.०७. तुझ्या हातात १.१ आहे. म्हणजे रिझोल्यूशनची जवळजवळ सगळी घसरण प्लेट गेल्यामुळे आहे. दोन पीकमधलं रासायनिक अंतर, ज्याला आपण सिलेक्टिव्हिटी किंवा अल्फा म्हणतो, ते साधारण होतं तिथेच आहे. कॉलमची केमिस्ट्री शाबूत असावी, त्याचं पॅकिंग गेलंय.

प्रेशर वाढलेलं नाही हेही बोलकं आहे. फ्रिट, म्हणजे कॉलमच्या टोकाची जाळी, तुंबली असती तर प्रेशर चढलं असतं. प्रेशर जिथल्या तिथे आणि प्लेट निम्म्याहून कमी, असं दिसलं की माझा पहिला संशय कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडल्याचा असतो. सिलिका विरघळते, बेड, म्हणजे कॉलममध्ये भरलेले कण, खाली बसतो, वर रिकामी जागा राहते आणि नमुना तिथेच पसरतो. तुझी मेथड तर यासाठीच लिहिल्यासारखी आहे. साधी सिलिका पीएच २ ते ८ सोसते असं पत्रकात छापलेलं असतं, पण त्या ८ वर विसंबू नये. पीएच ७ चा फॉस्फेट बफर आणि वाढवलेलं तापमान एकत्र आले की सिलिका त्याच पीएचच्या ट्रिस किंवा सिट्रेट बफरपेक्षा खूप वेगाने झिजते. ४५ अंशांवर तुझा कॉलम रोज थोडाथोडा वाहून वेस्ट बाटलीत जात होता. सरांना सांग, कितीही धुतला तरी विरघळलेली सिलिका परत येत नाही.

तरी संशयावर निर्णय नको. कॉलमच्या डब्यात एक टेस्ट क्रोमॅटोग्राम असतो. कंपनीने त्यात टोल्युइन, नॅफ्थॅलीन असे न्यूट्रल पदार्थ सोडलेले असतात आणि मोबाइल फेजही लिहिलेला असतो. तीच टेस्ट तू पुन्हा कर. न्यूट्रल पीकही रुंद किंवा दुभंगलेला आला तर बेड गेला, विषय संपला. न्यूट्रल पीक सरळ उभा आला आणि फक्त तुझं अमाइनच शेपटी ओढत असेल, तर भांडण सिलिकावरच्या सिलॅनॉल गटांशी आहे, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. माझा अंदाज, तुला दोन्ही थोडंथोडं सापडेल.

रिटेन्शन टाइमबद्दल, म्हणजे पीक बाहेर यायला लागणाऱ्या वेळेबद्दल तू काही लिहिलं नाहीस, ते लॉगबुकात बघ. ऑक्टेन सल्फोनेट हे आयन-पेअर रसायन, भारित रेणूंशी जोडी जमवणारं. ते एकदा सी-१८ वर चढलं की पूर्ण उतरत नाही. अल्फा फारसा हललेला दिसत नाही म्हणून मी आयन-पेअरला मुख्य आरोपी करत नाही, पण तीन प्रॉडक्टना एक कॉलम ही काटकसर महागात पडते. आयन-पेअरचा कॉलम वेगळाच असावा, त्यावर तसं लेबल असावं आणि तो दुसऱ्या कुणी उचलू नये. यावर मी तडजोड करत नाही.

आता सिलॅनॉल, कारण नवाकोरा कॉलम लावलास तरी हा प्रश्न उरणारच. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात. त्यांच्यावर सी-१८ च्या साखळ्या बांधतात, पण या साखळ्या जाड असल्याने प्रत्येक सिलॅनॉलपर्यंत पोचत नाहीत. उरलेल्यांतले काही छोट्या ट्रायमिथाइलसायलिल गटांनी झाकतात. हेच एंडकॅपिंग. तरीही काही उघडे राहतातच. पीएच ७ ला यातले बरेचसे ऋणभारित असतात आणि तुझं अमाइन धनभारित. दोघं एकमेकांना धरून बसतात, पीक शेपटी ओढतो आणि इम्प्युरिटी नेमकी त्या शेपटीवर येऊन बसते. अमाइनसाठी पीएच ७ हा निवडायचा म्हटला तरी याहून वाईट निवडता आला नसता. ट्रायइथाइलअमाइन घातलंय ते याचसाठी, आधी तेच जाऊन सिलॅनॉलशी बसावं म्हणून. जुन्या सिलिकात लोखंड, अॅल्युमिनियमचे अंश असत आणि त्यांच्यामुळे शेजारचे सिलॅनॉल जास्त आम्लधर्मी होत, तेव्हा हा उपाय लागायचा. त्या जुन्या सिलिकाला ‘टाइप ए’ म्हणतात. १९९० च्या आसपासपासून अतिशुद्ध ‘टाइप बी’ सिलिका रुळली आणि ट्रायइथाइलअमाइनची गरज पुष्कळ कमी झाली. तुमच्या मेथडचं वय बघ. ती टाइप ए च्या काळात लिहिली असेल तर मला नवल वाटणार नाही.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत. एक, पीएच २.५ ते ३ वर जा. तिथे सिलॅनॉल बहुतेक भारहीन होतात आणि शेपटी आखूड होते. मात्र अमाइन पूर्ण भारित राहिल्याने रिटेन्शन घटतं आणि मुख्य पीक पुढे सरकतो. शिवाय इम्प्युरिटी पकडायच्या म्हणून आपण मुख्य औषध भरपूर घालतो आणि भारित बेस फार लवकर ओव्हरलोड होतात. नुसत्या फॉर्मिक आम्लात तर हे हमखास दिसतं. फॉस्फेटची आयनिक स्ट्रेंग्थ जास्त असल्याने तिथे जरा बरं चालतं. पृष्ठभागावर हलका धनभार ठेवलेले कॉलमही या दुखण्यासाठीच निघालेत.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, पीएच १० किंवा त्याच्या वर. तिथे अमाइन भारहीन होतं, रिटेन्शन चांगलं वाढतं, सिलॅनॉलशी असलेलं आकर्षण सुटतं आणि लोडही जास्त चालतो. साधी सिलिका तिथे टिकणार नाही, म्हणून कणच वेगळा हवा. सिलिकाच्या जाळीत मध्ये मध्ये कार्बनचे गट गुंफलेले हायब्रिड कण १९९९ पासून बाजारात आहेत आणि इथिलीन पुलाची पुढची पिढी पीएच १२ पर्यंत चालते. कोअर-शेलमध्येही पीएच ११-१२ सोसणारे प्रकार मिळतात. आधी अमाइनचा पीकेए शोध, म्हणजे ज्या पीएचला ते निम्मं भारित असतं तो आकडा. मोबाइल फेजचा पीएच त्यापासून दीड-दोन एककं लांब हवा, नाहीतर बफर करताना हात जरा इकडेतिकडे झाला की पीक सरकतो. आणि औषधात एस्टर असेल तर अल्कलीत ते फुटणार नाही ना, हे आधी बघ. कॉलम टिकला आणि औषधच फुटलं असं नको व्हायला.

पॉलिस्टायरीनचे कॉलम पीएच १ ते १४ चालतात हे कुणी सांगेल. चालतात, पण लहान रेणूंना त्यांचे प्लेट काउंट सिलिकाच्या जवळपास येत नाहीत. तुझ्या कामाचे नाहीत.

आता पत्रातल्या चौघांचे चार सल्ले.

सरांचा आधी, दोन कॉलम जोडण्याचा. लांबी दुप्पट म्हणजे प्लेट दुप्पट आणि रिझोल्यूशन वर्गमुळाने, १.४ पट. प्रेशर १९० चं ३८०, तुझी मर्यादा ४००. रन १०० मिनिटांचा. हे करून हातात काय, तर चांगले दोन कॉलम लावल्यास सव्वादोनच्या आसपास रिझोल्यूशन आणि रोज रात्रीची शिफ्ट. उलट बाजूने बघ. दोन पीकमधला अल्फा १.०३ चा १.०६ झाला तर रिझोल्यूशन जवळजवळ दुप्पट होतं. तेवढाच फायदा प्लेटमधून काढायचा तर पावणेचार पट प्लेट लागतील. पीएच, मिथेनॉलच्या जागी अॅसिटोनायट्राइल, सी-१८ च्या जागी फिनाइल किंवा पेंटाफ्लुओरोफिनाइल, हे सगळे अल्फाशी खेळतात. फिनाइल करून बघशील तर मिथेनॉलमध्येच बघ. अॅसिटोनायट्राइल स्वतःच पाय (π) इलेक्ट्रॉन घेऊन मध्ये बसतं आणि फिनाइलचं वैशिष्ट्य बोथट करतं.

सेल्सवाल्यांचा १.७ मायक्रॉन. कणाचा व्यास घटला की प्लेट त्याच प्रमाणात वाढतात, पण प्रेशर व्यासाच्या वर्गाने चढतं. ५ वरून १.७ म्हणजे तेवढ्याच लांबीला साडेआठ पटींहून जास्त. १०० मिमीचा आखूड कॉलम घेतलास तरी तुझ्या आजच्या वेगाला सुमारे ६५० बार लागतील. तुझा पंप त्याआधीच ट्रिप होईल. त्यातही एवढ्या बारीक कणांना वेग वाढवला तरच ते आपलं तेज दाखवतात. याला यूएचपीएलसी लागतो, १००० बारपर्यंतचा. २००४ मध्ये हे कण आणि मशीन एकत्रच विकायला आले, त्याचं कारण हेच होतं. मशीन नसताना नुसता कॉलम विकायला येणाऱ्याला चहा पाजून परत पाठव. ‘एकदम नवीन टेक्नॉलॉजी’ असं तो म्हणाला असेल, तर मार्टिन आणि सिंज या दोघांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलंय की सर्वांत बारीक कण आणि सर्वांत जास्त दाब यांतून उत्तम कार्यक्षमता मिळेल. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. त्या दाबाचे पंप यायलाच पुढे साठ वर्षं गेली.

मोनोलिथवर फार वेळ घालवत नाही. सिलिकाचा सलग सच्छिद्र दांडा, प्रेशर अगदी कमी, घाणेरडे नमुने आनंदाने पचवतो. पण केमिस्ट्रीचे पर्याय मोजके आणि पीएच साडेसातच्या आसपास संपतं. तुझ्या अमाइनला जिथे न्यायचंय तिथे तो येऊ शकत नाही.

राहिला घणसोलीचा मित्र. त्याचं बरोबर आहे, फक्त ते ‘डोळे मिटून’ सोडून दे. कोअर-शेल कण म्हणजे रायवळ आंबा, आत टणक बाठा आणि वर गराचा थर. २.७ मायक्रॉनच्या कणात १.७ मायक्रॉनचा भरीव गाभा असतो आणि भोवती अर्धा मायक्रॉन सच्छिद्र सिलिका. थर पातळ वाटतो, पण हिशेब केलास तर कणाच्या आकारमानाचा तीन-चतुर्थांश भाग तोच आहे, त्यामुळे लोडिंगमध्ये फार तोटा होत नाही. कल्पना १९६० च्या दशकातली, तेव्हा कण तीस-चाळीस मायक्रॉनचे असत. त्या काळीही यावर काम केलेल्या जॅक कर्कलंड यांनी २००६-०७ च्या सुमारास ती २.७ मायक्रॉनला आणली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने चालली.

कोअर-शेल चांगले का, याचं सगळीकडे सांगितलं जाणारं कारण असं की रेणूला कणात खोल शिरावं लागत नाही, म्हणून पीक अरुंद येतो. प्रथिनांसारख्या मोठ्या, संथ रेणूंना ते लागू आहे. तुझ्या औषधासारख्या लहान रेणूंना फायदा मुख्यतः दुसरीकडून मिळतो. हे कण आकाराने कमालीचे एकसारखे असतात, बेड समान भरला जातो आणि भरीव गाभ्यामुळे लांबीच्या दिशेने होणारं पसरणं कमी होतं. पीक का रुंदावतो हे सांगणाऱ्या १९५६ च्या व्हॅन डीम्टर समीकरणाच्या भाषेत, सी (कणात आत-बाहेर करायला लागणारा वेळ) पेक्षा ए (बेडमधल्या कमी-जास्त लांबीच्या वाटा) आणि बी (लांबीच्या दिशेने पसरणं) ही पदं घटतात. इंटरव्ह्यूत हा प्रश्न विचारतात, म्हणून सांगून ठेवते.

तुझ्या मशीनवर हिशेब करू. २.७ मायक्रॉन, १५० मिमी घेतलास तर त्याच वेगाला आजच्या दुप्पट प्रेशर, ३९० बार. नको. १०० मिमी घेतलास तर २६० बार. प्लेट सुमारे २० हजार, म्हणजे तुझा ५ मायक्रॉनचा कॉलम नवा असताना होता तेवढ्या किंवा थोड्या जास्तच. रन ५० मिनिटांऐवजी २० मिनिटांचा. मिथेनॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असताना मिश्रण सर्वांत घट्ट असतं, नुसत्या पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. अॅसिटोनायट्राइल वापरलंस तर प्रेशर बरंच खाली येईल आणि १५० मिमीचाही विचार करता येईल. पीएच १० ला गेलीस तर वाढलेलं रिटेन्शन आवरायला मिथेनॉल ६०-७० टक्क्यांवर न्यावं लागेल, तिथेही मिश्रण पुन्हा पातळ होतं. आणखी एक फायदा म्हणजे २.७ च्या बऱ्याच कॉलमना २ मायक्रॉनची फ्रिट असते, ५ मायक्रॉनच्या कॉलमसारखीच. सब-टू, म्हणजे २ मायक्रॉनहून बारीक कणांच्या कॉलमची बारीक फ्रिट किरकोळ कचऱ्यानेही तुंबते.

पण कॉलम लावण्याआधी मशीनकडे बघ. जुन्या मशीनवर इंजेक्टरपासून डिटेक्टरपर्यंत निळी ०.२५ मिमीची ट्यूब बसवलेली असते. अरुंद पीक त्या ट्यूबमध्येच रुंद होऊन बाहेर पडतो आणि बिल कॉलमवर फाडलं जातं. ०.१७ किंवा ०.१२ ची ट्यूब, शक्य तितकी आखूड, फेरूल नीट बसलेली. डिटेक्टरचा डेटा रेट १०-२० हर्ट्झवर ने. एवढं न करता कोअर-शेल लावून ‘काही फरक नाही’ म्हणणारे मला ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत प्रत्येक स्टेशनाला भेटलेत.

बफरबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याकडची हवा तुला माहीतच आहे. पीएच ७ चा फॉस्फेट बफर उबट, दमट खोलीत दोन-तीन दिवस राहिला की त्यात बुरशी-जिवाणू धरतात. शनिवारी एसी बंद, सोमवारी तोच बफर पुढे चालू, हे करू नकोस. रोज ताजा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळून. आणि पावसाळ्यात वीज झपकन जाते तेव्हा पंप बफर भरलेला असताना थांबतो. यूपीएसवर डिटेक्टर आणि कॉम्प्युटर असतात, पंप राहून जातो, तेही एकदा बघून घे. बफर काढताना थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइल सोडू नकोस, फॉस्फेट जागच्या जागी बसतं. आधी १० टक्के मिथेनॉलचं पाणी वीसेक मिनिटं, मग वर.

आता कागदपत्रं, कारण तुझा खरा अडथळा तिथेच येणार. मेथड फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली असेल तर काही बदल पूर्ण व्हॅलिडेशनशिवाय, म्हणजे मेथड नव्याने सिद्ध न करता, करता येतात. यूएसपीच्या, म्हणजे अमेरिकी फार्माकोपियाच्या, ६२१ क्रमांकाच्या प्रकरणाची सुधारित, इतर फार्माकोपियांशी जुळवलेली आवृत्ती १ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार कॉलमची लांबी भागिले कणाचा व्यास हे गुणोत्तर उणे २५ ते अधिक ५० टक्क्यांत राहिलं पाहिजे. तुझं आजचं गुणोत्तर २५० भागिले ५, म्हणजे ५०. १०० मिमी आणि २.७ चं ३७ येतं, उणे २६ टक्के, एका टक्क्याने बाहेर! पण पूर्ण सच्छिद्र कणांवरून कोअर-शेलवर जाताना गुणोत्तराऐवजी प्रत्यक्ष प्लेट काउंट त्याच मर्यादेत असल्याचं दाखवलं तरी चालतं. ते तू दाखवू शकशील. सिस्टम सुटेबिलिटी अर्थातच पास व्हायला हवी आणि इम्प्युरिटींचा क्रम बदलता कामा नये. पीएचमध्ये मात्र फक्त ०.२ इकडेतिकडे करता येतं. पीएच ७ वरून १० वर जाणं, किंवा सी-१८ सोडून फिनाइल, ही नवी मेथड झाली. तिला व्हॅलिडेशन लागणारच. आणि मेथड क्लायंटची स्वतःची असेल तर फार्माकोपियाची सवलत गृहीत धरू नकोस. चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची रीतसर नोंद, उघडून क्लायंटची लेखी मंजुरी घ्यावी लागेल.

‘सी-१८ म्हणजे सी-१८’ असं परचेसवाले म्हणतील. यूएसपीच्या यादीत एल-१ या एकाच खुणेखाली शेकडो कॉलम आहेत आणि बेसिक औषधांशी त्यांची वागणूक जमीन-अस्मानाइतकी वेगळी. यूएसपीच्या संकेतस्थळावर कॉलमची तुलना करायला डेटाबेस मोफत उघडा आहे. स्नायडर आणि डोलन या क्रोमॅटोग्राफीतल्या जाणकारांच्या पद्धतीत प्रत्येक कॉलमला काही आकडे दिलेत, त्यातला पीएच ७ चा ‘सी’ तुझ्या कामाचा. तो जितका मोठा, तितका तो कॉलम त्या पीएचला अमाइनला धरून ठेवणार. तुमचा सध्याचा कॉलम त्यात शोध, पाच मिनिटांचं काम आहे.

तर मी तुझ्या जागी असते तर आधी टेस्ट मिक्स सोडून जुन्या कॉलमचा निकाल लावला असता. चालू सॅम्पलसाठी त्याच कंपनीचा, त्याच केमिस्ट्रीचा नवा ५ मायक्रॉनचा कॉलम मागवून तो या एकाच प्रॉडक्टला बांधला असता, पुढे गार्ड कॉलम (मुख्य कॉलमला कचऱ्यापासून वाचवणारा छोटा कॉलम) लावून, आणि ओव्हन ४५ वरून ३५-४० वर आणता येतं का ते क्यूएला (गुणवत्ता विभागाला) विचारलं असतं. आयसोक्रॅटिक मेथडला ६२१ मध्ये १० अंशांची मुभा आहे. प्रेशर थोडं चढेल, चालेल. त्यानंतर सवडीने १०० मिमीचा, उच्च पीएच सोसणारा कोअर-शेल आणून नव्या मेथडचे चार-पाच रन केले असते, अधिकृत सॅम्पलवर नाही, आपल्या स्टँडर्डवर.

सरांशी बोलताना अल्फा-बीटा काढू नकोस. ३० इंजेक्शनचा सिक्वेन्स आज २५ तास चालतो आणि दीड लिटर मोबाइल फेज पितो. २० मिनिटांचा रन झाला तर १० तास आणि ६०० मिली. सकाळी लावलेला सिक्वेन्स त्याच संध्याकाळी संपेल, मशीन रात्री दुसऱ्या प्रॉडक्टला मोकळं. शेजारी दोन क्रोमॅटोग्राम ठेव, नवा असतानाचा आणि आजचा. कॉलमची किंमत परचेसच्या डोळ्यांत खुपते, कारण ती एका बिलावर दिसते. रिपीट इंजेक्शन, ओओएसची (मर्यादेबाहेर गेलेल्या निकालाची) चौकशी आणि वाया गेलेलं मिथेनॉल कुठल्याच एका बिलावर येत नाही, ते तुला एका कागदावर आणावं लागेल. माणूस वाईट नसतो गं, त्याला वरून आकडा विचारतात, त्यालाही तू आकडाच दे.

ता.क. बद्दल. ड्रॉवरमधल्या प्रत्येक कॉलमवर टेस्ट मिक्स सोड. जे नापास होतील त्यांच्यावर लाल लेबल, लॉगबुकात ‘डिस्कार्ड’ची नोंद आणि क्यूएची सही. त्यातला एखादा नव्या मुलामुलींना फिटिंग बसवायला, पंप प्राइम करायला शिकवण्यासाठी ठेवलास तर हरकत नाही, पण तो जीएमपीच्या, म्हणजे अधिकृत सॅम्पलच्या मशीनच्या खोलीत नको. जे पास होतील त्यांत बफर उरलेला नाही याची खात्री करून, अॅसिटोनायट्राइल भरून, दोन्ही टोकांना प्लग घट्ट लावून ठेव. प्लग हरवलेले असतील तर आधी ते मागव, कोरडा पडलेला कॉलम ड्रॉवरमध्ये ठेवून काही उपयोग नाही.